पोर खेळतंय? घाबरू नका

तुमचं पोर रोज संध्याकाळी घामाघूम होऊन घरी येत असेल, तर त्याला जवळ बसवून विचारा, "बाळा, कशासाठी खेळतोस?" 'मजा येते' असं उत्तर आलं, तर आत्ताच लक्ष घाला.

खेळ दहावीला लागतो. तोपर्यंत पीटीचा तास गणिताच्या बाईंना उसना द्यायचा असतो आणि तो परत मागणं काही बरं दिसत नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना २५ गुणांपर्यंत सवलत, पुढं राज्य सरकारच्या नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण. मग जपायचं काय? गुडघा नव्हे, प्रमाणपत्र.

खेळ निवडताना पोराची आवड बघू नका, गर्दी बघा. कबड्डी गावोगाव खेळतात, तिकडं फिरकू नका. जिल्ह्यात दोनच खेळाडू असतील तो खेळ धरा. एक विजेता, दुसरा उपविजेता. मागं बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचं प्रकरण राज्यात गाजलं, तेव्हा ट्रॅम्पोलिन नावाचा खेळ असतो हे आमच्या गल्लीला कळलं.

तरीही कबड्डीच म्हणत असेल, तर डबा मोठा द्या. तालुक्याला बोलावणं सकाळी आठचं. पोरं फक्कीच्या रेघांशेजारी उन्हात रांगेनं बसतात. पाहुणे साडेअकराला. हार, नारळ, दीपप्रज्वलन. वात वाऱ्यानं तीनदा विझते, चौथ्यांदा पीटीचे सर पाहुण्यांचीच शाल आडवी धरतात. मग भाषण: हार-जीत महत्त्वाची नसते, खेळत राहणं महत्त्वाचं. एक वाजता सामना. समोर चौदा वर्षांखालच्या गटातला रेडर, ओठावर मिसरूड. दीड वाजता आपलं पोर बाहेर. बाद पद्धत आहे. हरलं की या वर्षाचं खेळत राहणं संपलं. परतीच्या जीपमध्ये केळं मिळतं.

आणि चुकून फारच पुढं गेलं तर? त्या भाषणात खाशाबा जाधव येतातच. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य. ते जाणार कसे, पैसे कुठून आणणार, हा प्रश्न होता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. एवढ्यावर टाळ्या पडतात आणि पाहुणे खाली बसतात. तुम्ही मात्र कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापकांना गाठा, तब्येतीची चौकशी करा आणि सर भाड्यानं राहतात की स्वतःच्या घरात, तेवढं बोलता बोलता विचारून घ्या.