राजमा आधी उकळा, मग स्लो कुकर

लेखात 'रात्री भिजवलेला राजमा सकाळी थेट स्लो कुकरमध्ये टाका, लो वर आठ तास' असं दिलंय ते प्लीज बदला. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन चांगलं उकळल्याशिवाय जात नाही आणि स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, त्यात लो वर तेवढी उष्णता मिळेलच असं नाही. इंग्लंडला नवीन आलो तेव्हा मी हेच केलं, दाणा वरून मऊ पण दाताखाली कचकचीत, तरी खाल्ला आणि दोन-तीन तासांत आम्ही दोघंही उलट्यांनी बेजार.

आता भिजवलेलं पाणी ओतून देते, ताज्या पाण्यात गॅसवर 30 मिनिटं खळखळ उकळते, मगच कांदा-टोमॅटोसोबत स्लो कुकरमध्ये. विकतचा डबाबंद राजमा शिजलेलाच असतो, तो थेट चालतो, पण सुका खूप स्वस्त पडतो म्हणून लोक तोच घेणार ना.