हाफ क्लचने गाडी स्मूथ होत नाही, क्लच प्लेट मात्र जळते

गर्दीत मॅन्युअल गाडी झटके न खाता कशी चालवावी, याबद्दलचा एक मेसेज नव्याने गाडी शिकणाऱ्यांपर्यंत हटकून पोचतो. थोडक्यात तो असा आहे. वेग २०च्या खाली आला की क्लच अर्धा दाबूनच ठेवायचा आणि वेग क्लचनेच कमी-जास्त करायचा. निघताना आधी रेस द्यायची, मग क्लच सोडायचा. पहिला गिअर फक्त उभी गाडी हलवण्यापुरता. थांबताना आधी क्लच, मग ब्रेक. उतारावर न्यूट्रल. आणि चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरता आली की तुम्ही पक्के ड्रायव्हर.

लोक हे चांगल्या मनाने पुढे पाठवतात, आणि सुरुवातीला याचा उपयोग होतोय असं वाटतंही, कारण गाडी बंद पडत नाही. पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला नवशिक्याला नेमकी तीच गोष्ट शिकू देत नाही जिच्यामुळे गाडी खरंच मऊ चालते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘२०च्या खाली कायम हाफ क्लच’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. क्लच प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावर, स्प्रिंगच्या जोराने दाबलेली असते. पेडल पूर्ण दाबलं की ती सुटी होते, पूर्ण सोडलं की घट्ट बसते. दोन्ही अवस्थांमध्ये ती घासत नाही. घासते ती फक्त मधल्या टप्प्यात, आणि तळहातावर तळहात चोळला की जसा गरम होतो तशी त्या वेळी तापते. हा मधला टप्पा इंजिन आणि चाकं यांची गाठ घालण्यापुरता आहे, एक-दोन सेकंदांचा. मेसेज सांगतो की तिथेच मुक्काम करा.

मुळात त्याची गरजही नसते. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांचं इंजिन आयडलिंगला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या साधारण १४ फेऱ्यांमागे चाक एकदा फिरतं आणि चाकाचा घेर असतो १.८ मीटरच्या आसपास. हिशोब केला तर ताशी ६ किलोमीटर येतात. म्हणजे क्लच पूर्ण सोडलेला, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, आणि गाडी सपाट रस्त्यावर भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने आपोआप पुढे जाते. दुसऱ्या गिअरमध्ये हाच वेग १०-११ होतो. गाडीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र हेच. हल्लीच्या गाड्यांमध्ये आयडलिंग कॉम्प्युटर सांभाळतो. फेरे कमी होऊ लागले की तो स्वतःहून इंधन वाढवतो, एसी लावला की आधीच थोडी चढती ठेवतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना ही सोय नव्हती, त्यामुळे त्या काळी थोडी रेस देत राहावं लागे. आता तसं नाही.

म्हणून गर्दी रांगत पुढे सरकत असेल तर पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, दोन्ही पाय मोकळे आणि उजवा ब्रेकच्या तयारीत. पुढच्या गाडीशी अंतर थोडं जास्त ठेवा. ती थांबत-निघत राहील, तुम्ही मागून संथ चालत राहाल, आणि कित्येकदा तुमच्यावर थांबायची वेळच येणार नाही. मागचे हॉर्न वाजवतात म्हणून ते अंतर भरून काढू नका. तुमचा डावा पाय आणि क्लच प्लेट दोन्ही त्या अंतरावर जगतात.

हाफ क्लच कधी लागतो? त्या ताशी सहाच्याही खाली जायचं असेल तेव्हा. पार्किंगमध्ये वीतभर सरकताना, रिव्हर्स घेताना, अरुंद फाटकातून वळताना. तिथे तो बेलाशक वापरा. ते काम काही सेकंदांचं असतं आणि रेस जवळजवळ शून्य असते.

‘पण पहिल्या गिअरमध्ये गाडी झटके खाते’

मेसेजचा बचाव करणारे हेच सांगतात, आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर कितीतरी पटींनी वाढून चाकांपर्यंत पोचतो, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर केसभर हलला तरी गाडी उसळते. पुढे काय होतं ते नीट पाहा. गाडी उसळली की अंग मागे जातं, पाय पेडलवरून किंचित उचलला जातो. त्यासरशी इंजिन गाडीला मागे ओढतं, अंग पुढे येतं आणि पाय पुन्हा दाबला जातो. ही साखळी सुरू झाली की गाडी उड्या मारू लागते. दोष पायाचा आहे, गिअरचा नाही.

उपाय दोन. टाच जमिनीला टेकवून ठेवा आणि पेडल फक्त चवड्याने हाताळा, म्हणजे अंग हललं तरी पाय हलत नाही. आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडतानाही हळू सोडा. दाबताना काळजी घेणारे पुष्कळ असतात, सोडताना मात्र पाय एकदम उचलतात, आणि निम्मे झटके तिथले असतात. उड्या सुरू झाल्याच तर क्लच क्षणभर दाबा, साखळी तुटते, मग पुन्हा सावकाश सोडा.

‘आधी रेस, मग क्लच’

सपाट रस्त्यावर हा क्रम उलटा हवा. उभ्या गाडीला चाल देताना क्लच प्लेट जी उष्णता सोसते ती इंजिनाच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आयडलिंगच्या ८०० फेऱ्यांवर क्लच पूर्ण जुळवला तर जेवढी उष्णता होईल, तिच्या चौपट १६०० फेऱ्यांवर आणि नऊपट २४०० फेऱ्यांवर. इंजिन गरजत असताना गाडी हळूहळू हलते, तेव्हा तो सगळा फरक प्लेटच्या अंगावर जातो. थोड्या वेळाने येणारा जळका वास त्याचाच.

रिकाम्या सपाट जागेवर, रेस अजिबात न देता, गाडी हलवून पाहा. पहिला गिअर टाका, ब्रेक सोडा, क्लच अगदी सावकाश वर येऊ द्या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होईल, आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा, काटा थोडा खाली झुकेल, स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवेल. प्लेट तिथे धरायला लागली. बहुतेकांची चूक इथून पुढे होते, गाडी हलली की सुटलो म्हणून पाय उचलतात. तसं न करता पाय तिथेच दोन सेकंद रोखा. गाडी रांगू लागेल, काटा पुन्हा वर येईल, आणि मगच उरलेलं पेडल सोडा. सुरुवातीचा भाग वेगाने सोडला तरी चालतो, शेवटचा भागही. सावकाशी फक्त मधल्या बोटभर अंतरात हवी. ते बोटभर अंतर पायाला कळलं की रेस किती द्यायची हा प्रश्न पुष्कळसा मिटतो. गाडी भरलेली असेल, चढ असेल किंवा इंजिन लहान असेल तर काटा झुकताच १२००-१५०० पर्यंत हलकी रेस द्या, गाठ जुळत असताना, आधी नव्हे.

‘पहिला गिअर फक्त उभ्या गाडीसाठी’

या समजुतीला इतिहास आहे. गिअर बिनखडखडाट पडावेत म्हणून सिंक्रोमेश १९२८ मध्ये कॅडिलॅकने पहिल्यांदा गाडीत आणलं, पण पुढे कितीतरी वर्षं अनेक गाड्यांच्या पहिल्या गिअरला ते नसायचं. चालत्या गाडीत पहिला टाकला की दात करकरायचे. आजच्या गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश असतं. वेग ताशी १०च्या खाली आला असेल तर क्लच पूर्ण दाबून, जोर न लावता, पहिला टाका. तो पडतो.

न टाकता दुसऱ्यातच ५-६च्या वेगाने रेटलं तर इंजिन धडधडतं, आणि ती धडधड चुकवायला माणूस पुन्हा हाफ क्लचवर येतो. रिव्हर्सला मात्र बऱ्याच गाड्यांत सिंक्रोमेश नसतं, तिथे गाडी पूर्ण थांबलेलीच हवी.

‘आधी क्लच, मग ब्रेक’

क्लच दाबला की इंजिनाची ओढ संपते, आणि गाडी मोकळी सुटते. उतारावर तर ती वेग घेते. म्हणून नेहमीच्या थांबण्यात आधी ब्रेक, आणि काटा हजाराच्या जवळ आला की क्लच. दुसऱ्या गिअरमध्ये ती वेळ ताशी १२-१३ला येते. अचानक थांबावं लागलं तर ब्रेक आणि क्लच दोन्ही एकदम दाबायला काहीच हरकत नाही.

थांबताना शेवटी जो धक्का बसतो त्याचा क्लचशी संबंध नाही. ब्रेक मारताना गाडीचं नाक खाली दबलेलं असतं, आणि चाकं थांबली की ते झटकन वर येतं. चाकं थांबायच्या अगदी आधी ब्रेकचा दाब थोडा सैल करा आणि गाडी थांबल्यावर परत दाबा. मागच्या सीटवर झोपलेलं माणूस जागं होत नाही.

उतारावर न्यूट्रल, चढावर हाफ क्लच

न्यूट्रलने इंधन वाचत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की फेरे आयडलिंगच्या जवळ येईपर्यंत इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच, आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

चढावर गाडी तोलून धरणं तर प्लेट जागच्या जागी घासणं आहे. हँडब्रेक ओढा, क्लच धरायला लागल्यावर थोडी रेस द्या, गाडीचं नाक उचललेलं जाणवलं की हँडब्रेक सोडा. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय, असेल तर ते ब्रेक दोनेक सेकंदच धरून ठेवतं, तेवढ्यात निघा.

बरीच वर्षं या मेसेजप्रमाणे चालवली असेल तर एक तपासणी करा. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये, फेरे १५००-२००० असताना, अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा. काटा झपकन चढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट सरकते आहे. ती बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे क्लचचे दुसरे दोन भागही सोबत बदलून घ्या, कारण तिन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.