रस्त्यावरचं पार्किंग आणि हॉटेलच्या आवारातलं

२०२५च्या मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी सांगितलं की, गाडी लावायला जागा असल्याचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय महाराष्ट्रात नव्या गाडीची नोंदणी होऊ देणार नाही. त्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जोरदार वाद झाला. मी अमेरिकेत राहतो. पुण्याच्या चुलतभावाने मला लिहिलं, "दादा, तुमच्याकडे बरंय, जागाच जागा. पार्किंगचे पैसे कोण मागतंय?" त्यावर नाशिकच्या काकांचं उत्तर आलं, "उलट आहे रे. तिकडे लोक प्रत्येक गोष्टीचे पैसे निमूटपणे देतात, म्हणून तिथे शिस्त आहे. आपल्याकडे दहा रुपयांची पावती फाडली की मोर्चा."

मला दोघांचंही म्हणणं पटलं नाही. अमेरिकेत पार्किंगचे पैसे मागतात आणि लोक ते निमूटपणे देत नाहीत. याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण फ्लोरिडातलं, ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या करमणूक नगरीतल्या हॉटेलांचं. तिथे झालेल्या वादाने पार्किंगबद्दलचं माझं मत पक्कं केलं आणि ते पुण्यातल्या पार्किंगच्या वादालाही लागू पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही अटलांटाला राहतो. इथून ऑरलँडोला गाडीने साधारण सात तास लागतात. थेट रेल्वे नाही. चार-पाच माणसांची विमानाची तिकिटं काढायची, वर तिथे उतरून गाडी भाड्याने घ्यायची, हे मध्यम पगाराच्या घराला जड जातं. त्यामुळे जॉर्जिया, अलाबामा, कॅरोलिना या भागांतली हजारो कुटुंबं स्वतःच्या गाडीनेच डिस्नेला जातात. आपली मराठी कुटुंबंही तशीच जातात. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की नातवंडांबरोबर त्यांची ही एक सहल ठरलेली असते. डिकीत कुकर, पोहे, मेतकूट, बाबांच्या गोळ्यांचा डबा आणि आईसाठी घडीची खुर्ची. हे सगळं विमानातून नेता येत नाही असं नाही, पण गाडी असली की म्हातारी माणसं निर्धास्त असतात. दुपारी थकवा आला तर खोलीवर परतता येतं, रात्री लागेल ते औषध आणता येतं. गाडी आमच्यासाठी चैन नाही. त्या सहलीला जाण्याची ती एकमेव परवडणारी रीत आहे.

डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ला उघडलं. तेव्हापासून २०१८पर्यंत, म्हणजे सेहेचाळीस वर्षांहून जास्त काळ, तिथल्या हॉटेलांत मुक्काम करणाऱ्या पाहुण्याला आपली गाडी आपणच लावायचे पैसे पडत नसत. मग २१ मार्च २०१८पासून केलेल्या आरक्षणांना रात्रीचं पार्किंग शुल्क लागू झालं. स्वस्त हॉटेलांत रात्रीला १३ डॉलर, मधल्या दर्जाच्या हॉटेलांत १९ आणि महागड्या हॉटेलांत २४. पुढे हे आकडे आणखी वाढले.

लोक भडकले आणि माझ्या मते त्यांचा राग रास्त होता. रक्कम फार मोठी नव्हती, पण ती कोणावर पडली ते पाहा. उदाहरणादाखल हिशेब करू. सव्वाशे डॉलरच्या खोलीवर १३ डॉलर म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. सहाशे डॉलरच्या खोलीवर २४ डॉलर म्हणजे चार टक्के. ज्याच्याकडे कमी पैसे, त्याला हा भार मोठा. आणि स्वस्त हॉटेलात गाडीने येणारं कुटुंब हेच सर्वांत जास्त काटकसर करून आलेलं. त्यात आणखी एक बोचणारी गोष्ट होती. त्याच हॉटेलात नुसतं जेवायला आलेल्या बाहेरच्या माणसाला गाडी लावायला काही पडत नव्हतं. तिथे झोपणाऱ्याने मात्र पैसे द्यायचे. डिस्नेच्याच फोर्ट विल्डरनेस या मुक्कामाच्या मैदानावर तंबू ठोकणाऱ्यांना सूट होती, मुक्कामाचे हक्क पॉइंट्सच्या रूपात आधीच विकत घेतलेले डिस्नेच्या व्हेकेशन क्लबचे सभासद त्या पॉइंट्सवर राहिले तर त्यांनाही सूट होती. साध्या पाहुण्याला नव्हती.

कंपनीच्या बाजूने सांगितलं जायचं की, शेजारच्या हॉटेलांतही पार्किंगचे पैसे घेतात. हे खरं आहे. ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या करमणूक नगरीच्या हॉटेलांत ते आधीपासून घेतच होते. पण सगळेच घेतात म्हणून मीही घेतो, हा युक्तिवाद पुण्याच्या रिक्षावाल्याने केला तर आपण तो ऐकून घेत नाही. मग इतक्या मोठ्या कंपनीचा का ऐकावा?

पार्किंगला किंमत असते, कारण जागेला किंमत असते. हे मला मान्य आहे. कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला १९५५ साली डिस्नेलँड सुरू झालं, ते संत्र्यांच्या बागा तोडून मोकळ्या केलेल्या सुमारे १६० एकरांवर. थोड्याच वर्षांत त्याच्या चहूबाजूंनी मोटेलं आणि दुकानं अशी दाटली की वाढायला जागाच उरली नाही. तिथल्या हॉटेलांत आजही पार्किंगचे पैसे पडतात आणि तेही बरेच. ते मला आवडत नाहीत, पण मी ते समजू शकतो. जागा खरोखरच अपुरी आहे. फ्लोरिडाची गोष्ट निराळी. ॲनाहाइमला जी अडचण झाली ती पुन्हा होऊ नये, म्हणूनच वॉल्ट डिस्ने यांनी १९६०च्या दशकात ऑरलँडोजवळ सुमारे २७,००० एकर जमीन घेतली. दलदल, पाइनची झाडं आणि मोकळं रान. ज्या ठिकाणची निवडच मुळी जागेची चणचण टाळण्यासाठी झाली, तिथे जागा अपुरी आहे या नावाखाली पैसे कसे मागणार? रात्री त्या पार्किंगमध्ये उभी राहणारी गाडी कोणाची जागा अडवत नव्हती.

दुसरा प्रश्न पर्यायाचा. गाडी न आणता येण्याची सोय असेल आणि तरी मी गाडी आणली, तर पैसे घ्या. ऑरलँडोत ती सोय किती आहे? सनरेल ही उपनगरी गाडी २०१४ला सुरू झाली. ती शनिवार-रविवारी धावत नाही आणि डिस्नेपर्यंतही पोचत नाही. विमानाने येणाऱ्यांसाठी मात्र डिस्नेची एक उत्तम सोय होती. विमानतळावरून हॉटेलपर्यंत फुकट बस, २००५पासून. आमच्या ओळखीतल्या, भारतातून ऑरलँडोला उतरणाऱ्या आजी-आजोबांना ती बस म्हणजे मोठा आधार होता. सामान थेट खोलीवर पोचायचं. ती बस २०२२च्या जानेवारीत बंद झाली. म्हणजे त्यानंतरचं वर्षभर स्थिती अशी होती की, विमानाने आलात तर हॉटेलपर्यंत जायचे पैसे द्या आणि गाडीने आलात तर गाडी लावायचे पैसे द्या. पाहुण्याने पोचायचं तरी कसं? घरी जेवायला बोलावलेल्या माणसाकडून दारात चपला काढायचे पैसे मागावेत, तसं हे मला वाटत आलं.

१० जानेवारी २०२३ला डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांतलं हे शुल्क रद्द झालं. बॉब आयगर कंपनीच्या प्रमुखपदी परत आले त्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. पाहुण्यांच्या तक्रारी कंपनीने ऐकल्या, हे चांगलंच झालं. जवळजवळ पाच वर्षं लोकांनी पत्रं लिहिली, स्वागतकक्षात विचारणा केली, काहींनी मुक्काम बाहेर हलवला. काकांना मी हेच सांगितलं. इथले लोक पैसे देतात, पण का घेता हे विचारणं सोडत नाहीत.

तरी माझा मुख्य आक्षेप शुल्काच्या रकमेवर नाही, की ते मुळात असण्यावरही नाही. खोली शोधताना जो पहिला आकडा दिसतो, त्यात ते नसतं, यावर आहे. माणूस पहिल्या आकड्यावर ठरवतो. दोन हॉटेलं शेजारी ठेवतो, चार रात्रींचा गुणाकार करतो, घरी विचारतो आणि होकार देतो. मुलांना सांगून झाल्यावर, सुट्टी टाकून झाल्यावर मग खालच्या ओळीत पार्किंग, रिसॉर्ट फी (हॉटेलच्या सोयींच्या नावाखाली भाड्यावर सक्तीने लावलेली रक्कम), कर असे आकडे येतात. तेव्हा मागे फिरणं कठीण असतं. धंदा करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं आणि म्हणूनच ते आकडे खाली ठेवलेले असतात. हे मला अप्रामाणिक वाटतं.

ग्राहकांच्या हिताकडे पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२४मध्ये यावर नियम केला आणि १२ मे २०२५पासून तो लागू झाला. हॉटेलं आणि कार्यक्रमांची तिकिटं यांच्या जाहिरातीतला आकडा सगळी सक्तीची शुल्कं धरूनच दाखवायचा. रिसॉर्ट फी नावाच्या लबाडीला यामुळे चाप बसला. पण पार्किंग ऐच्छिक सेवेत बसवता येतं, कारण गाडी आणणं कागदावर तरी सक्तीचं नाही. सात तास गाडी चालवून आलेल्या कुटुंबाने ती कुठे ठेवावी, याचं उत्तर तो नियम देत नाही. ही फट बुजवायला हवी. गाडीने येणार का, हा प्रश्न आरक्षणाच्या आधीच विचारावा आणि उत्तर 'हो' असेल तर पार्किंगसकट आकडा दाखवावा. यात अवघड असं काही नाही.

आणि इथे मला आपल्याकडचं कौतुक करावंसं वाटतं. हॉटेलच्या बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्येच दिले. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. अमेरिकेत सहा-आठ माणसं एकत्र जेवायला बसली की अठरा-वीस टक्के परस्पर जोडून बिल हातात देतात आणि इथे त्यावर कोणी ब्रही काढत नाही. या बाबतीत भारतातला ग्राहक पुढे आहे.

पण तोच ग्राहक मंगल कार्यालय ठरवताना गप्प बसतो. भाडं एक सांगायचं आणि मग विजेचे मीटरप्रमाणे वेगळे, साफसफाईचे वेगळे, जनरेटरच्या डिझेलचे वेगळे, बाहेरचा केटरर आणला तर त्याचे वेगळे. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात मामांनी शेवटी भरलेली रक्कम पहिल्या बोलण्यातल्या रकमेपेक्षा इतकी वर गेली होती की जेवणावळी उठल्यावर ते बराच वेळ एका कोपऱ्यात कागद घेऊन बसले होते. मुलीच्या लग्नात कोण भांडत बसणार? डिस्नेच्या स्वागतकक्षात मुलांचा हात धरून उभ्या असलेल्या बापाचीही हीच अडचण होती. माणूस ज्या क्षणी भांडू शकत नाही, नेमका तोच क्षण पैसे वाढवायला निवडलेला असतो.

आता पुण्याकडे येतो, कारण चुलतभावाला माझं पुढचं म्हणणं आवडलेलं नाही.

डिस्नेच्या हॉटेलांत शुल्क आलं त्याच महिन्यात, मार्च २०१८मध्ये, पुणे महापालिकेत रस्त्यावरच्या पार्किंगचं धोरण आलं होतं. शहरात पे अँड पार्क करायचं, गर्दीप्रमाणे दर ठेवायचे. इतका विरोध झाला की ते पाच रस्त्यांपुरतं, प्रयोग म्हणून मंजूर करावं लागलं आणि पुढे तेही रेंगाळत गेलं. फ्लोरिडातल्या शुल्काला माझा विरोध आहे, पण पुण्यातल्या त्या धोरणाला पाठिंबा आहे. चुलतभाऊ म्हणतो, हे दुटप्पी आहे. मला तसं वाटत नाही.

हॉटेलचा पाहुणा पैसे देऊन राहायला आलेला असतो. आवार हॉटेलचं आणि त्याला बोलावलेलंही हॉटेलनेच. रस्ता मात्र सगळ्यांचा आहे. लक्ष्मी रस्त्यावर एक मोटार दिवसभर उभी राहते, तेव्हा ती बसमधल्या पन्नास माणसांचा रस्ता खाते, पायी चालणाऱ्या आजींना गाड्यांच्या मधून चालायला लावते आणि या सगळ्याचा मोबदला शून्य. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हेच मांडलं. पार्किंग कधीच फुकट नसतं, गाडी असणाऱ्याच्या वाट्याचे पैसे गाडी नसणाऱ्याने भरलेले असतात. २०२५च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांची आणखी एक सूचना मला फार मोलाची वाटते. ज्या रस्त्यावर पैसे गोळा केले, ते त्याच रस्त्यावर, लोकांना दिसतील असे खर्च करा. पदपथ, झाडं, दिवे. कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात जुन्या बाजारपेठेत असं केलं आणि ती मोडकळीला आलेली पेठ सावरली. पुण्यात २०१८ला लोक चिडले त्यामागे हाही भाग होता. पैसे जाणार कुठे, हे कोणी विश्वास बसेल असं सांगितलंच नाही. पावतीवरचे रुपये ठेकेदाराच्या खिशात जाणार, असंच प्रत्येकाला वाटत होतं आणि जुना अनुभव पाहता त्यांना दोष देता येत नाही.

शूप यांचं म्हणणं डिस्नेलाही लागू होतं, हे मी नाकारत नाही. शुल्क रद्द झालं म्हणजे डांबर, दिवे, पहारेकरी यांचा खर्च थांबला नाही. तो खोलीच्या भाड्यात गेला आणि विमानाने आलेल्या माणसानेही तो थोडाथोडा उचलला. पण तरणतलावाचा खर्च न पोहणाराही उचलतो. मुक्कामाच्या जागी काही गोष्टी सगळ्यांच्या मिळून असतात आणि भाडं पहिल्या आकड्यात पुरतं दिसत असेल, तर त्यात मला वावगं वाटत नाही. हवं तर गाडी न आणणाऱ्याला सूट द्या. विमानतळाची फुकट बस परत सुरू केली, तर ती सूट आपोआपच मिळेल. माझ्या मते शुल्क रद्द करण्याइतकीच ती बस सुरू होणं गरजेचं आहे. त्याबद्दल मात्र आता फारसं कोणी बोलत नाही.

सरनाईकांच्या प्रमाणपत्राबद्दल चुलतभावाला मी एवढंच विचारलं, की ज्याच्या सोसायटीत जागा नाही आणि घराजवळ बसही येत नाही, त्याने कामावर कसं जायचं? आधी पीएमपीच्या बसा वाढवा, त्या वेळेवर सोडा, मग प्रमाणपत्र मागा आणि रस्त्यावर उभं राहायचे पैसेही मागा. या एका मुद्द्यावर काका, तो आणि मी तिघांचं एकमत झालं.