नळ कमी, बर्फ जास्त

कोकण किनाऱ्यावर क्राफ्ट बिअरचा महोत्सव भरला की जाहिरातीत पहिला आकडा नळांचा असतो. चाळीस नळ, पन्नास नळ. माझं स्पष्ट मत आहे की या आकड्यावर भुलून तिकीट काढू नये. आयोजकांना विचारायचं ते एवढंच, की केग (बिअरची स्टीलची पिंपं) रात्रभर कुठे ठेवले होते आणि बर्फ किती मागवलाय? अलिबागपासून काणकोणपर्यंतच्या दमट हवेत उत्तम बनलेली बिअरसुद्धा केगपासून पेल्यापर्यंतच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये मार खाते.

बनवणाऱ्यांच्या हाताला आता खोट काढता येत नाही. पुण्यात २००९ साली डूलॅली हा स्वतःची बिअर बनवणारा पब सुरू झाला, पुढे गोव्यात सांगोल्ड्याला गोवा ब्रूइंग कंपनी उभी राहिली, आणि आज या पट्ट्यात गव्हाची बिअर, आयपीए, स्टाउट हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. पण पबमध्ये केग शीतखोलीत असतो आणि नळ चार पावलांवर. पुळणीवर मांडव घातला की यातलं काहीच हाताशी राहत नाही.

आधी फेसाचं कारण समजून घ्या, कारण महोत्सवात सगळ्यात जास्त पैसा फेसातच वाहून जातो. एका लिटर बिअरमध्ये साधारण अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बिअर ३ अंश सेल्सिअसला असेल तर हा वायू आत धरून ठेवायला ११-१२ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब पुरतो. तीच बिअर २७ अंशांवर गेली की त्यासाठी ३० पीएसआयच्या वर दाब लागतो. म्हणजे केग उन्हात तापला आणि सिलिंडरमधल्या वायूचा दाब ठरवणारा रेग्युलेटर १२ वरच राहिला, तर वायू नळीतच सुटायला लागतो आणि पेल्यात नुसता फेस पडतो. अशा वेळी स्टॉलवरचा माणूस घाबरून दाब आणखी कमी करतो. तिथेच सगळं चुकतं. दाब कमी केला की नळीत वायू जास्तच सुटतो, आणि तासाभराने केगमध्ये उरलेली बिअर सपक होते. उपाय एकच, केग थंड करा. दाबाला हात नंतर लावा.

थंड करायला किती बर्फ लागतो याचा हिशेब अवघड नाही. ३० लिटर बिअर २५ अंशांवरून ४ अंशांवर आणायला नुसत्या गणिताने ८ किलो बर्फ वितळावा लागतो. बाहेरची हवा, तापलेली पुळण, केगचं स्टील हे सगळं धरलं तर दुप्पट मागवावा. पण बर्फापेक्षा जास्त लागतो तो वेळ. गरम केग दुपारी बर्फात ठेवून संध्याकाळी नळ सुरू करता येत नाही. बाहेरची बिअर गार होते, मधली कोमटच राहते. केग आदल्या रात्रीच शीतखोलीत गेला पाहिजे आणि तिथून थेट बर्फाच्या टबात यायला हवा, वर ओलं गोणपाट टाकून. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मासळी बंदराजवळ बर्फाचा कारखाना असतो, तेव्हा बर्फ मिळत नाही ही सबब कोकणात चालणार नाही. फक्त तो लादीचा बर्फ टबापुरता. पेल्यात जाणारा किंवा पेले धुवायच्या पाण्यात पडणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा.

बाहेरच्या स्टॉलवर बिअर बहुतेक वेळा बर्फाच्या पेटीतून येते. या पेटीचे दोन प्रकार आहेत आणि दोघांना उलट वागणूक लागते. पेटीत बिअर वाहून नेणारी स्टीलची लांब वेटोळी नळी, म्हणजे कॉइल, असेल तर ती बर्फ घातलेल्या पाण्यात पूर्ण बुडालेली हवी. नुसते बर्फाचे खडे टाकले तर खड्यांमध्ये हवा राहते, कॉइलला गारवा पोचत नाही. याउलट कोल्ड प्लेट, म्हणजे आतून बिअरच्या नळ्या गेलेली धातूची जाड पाटी, असेल तर बर्फ थेट प्लेटवर बसला पाहिजे आणि वितळलेलं पाणी सतत काढून टाकलं पाहिजे. पाणी साचलं की बर्फ तरंगतो आणि प्लेट कोमट होते. हा एवढा फरक माहीत नसल्यामुळे भर संध्याकाळी नळ बंद ठेवायची वेळ येते. आणखी एक चूक म्हणजे गारवा वाढावा म्हणून बर्फात मीठ टाकणं. मिठाने पाणी शून्याच्या खाली जातं, आणि ५ टक्क्यांची बिअर उणे दोन-अडीच अंशांच्या आसपास गोठायला लागते. कॉइल आतून बंद झाली की ती मोकळी होईपर्यंत वाट बघण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही.

लांब कॉइलमध्ये घर्षण जास्त, म्हणून तिथे दाब २५ ते ३० पीएसआय ठेवावा लागतो. साध्या दोन मीटर नळीला एवढा दाब दिला तर बिअर पिचकारीसारखी उडेल. गॅसचं सिलिंडर उभंच ठेवायचं, मांडवाच्या खांबाला बांधून. आडवं पडलं तर द्रवरूप वायू रेग्युलेटरमध्ये शिरतो. आत द्रव शिल्लक असेपर्यंत काटा जवळपास जागचा हलत नाही, त्यामुळे काट्यावरून किती गॅस उरला ते कळत नाही, वजनकाटाच लागतो. गळती धरून ३० लिटरच्या एका केगला पाव किलो गॅस धरावा. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायला दोन मिनिटं पुरतात. खाऱ्या वाऱ्यात जोड लवकर गंजतात, म्हणून हे दर दिवशी करायचं.

मांडवाच्या दिशेबद्दल आयोजकांशी कितीही वाद घालायची माझी तयारी आहे. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई वारा पडला की दुपारनंतर वारा समुद्रावरून येतो आणि तीन ते सहा या वेळात ऊनही तिकडूनच तिरपं येतं. काउंटरचं तोंड समुद्राकडे केलं की फोटो छान येतात, पण नळ, पेटी आणि ओतलेले पेले तीन तास उन्हात उभे राहतात. बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांच्या घटकांवर ऊन पडलं की त्यातून उग्र गंधकी वास तयार होतो, आणि पारदर्शक पेल्यात याला काही मिनिटं पुरतात. पेला उन्हात ठेवून फोटो काढत बसलात तर पहिल्या आणि शेवटच्या घोटातला फरक नाकाला कळेल. काउंटर पूर्वेकडे तोंड करून, मागे जाड कापड लावून, जमलं तर सुरूच्या बनाच्या सावलीत. समुद्र बघायला लोक पेला घेऊन आपोआप फिरतील.

पेल्याचंही तसंच. पुळणीवर काच नकोच. पारदर्शक प्लास्टिकपेक्षा मी स्टीलचा पेला सुचवीन: अनामत रक्कम घ्यायची, जाताना परत द्यायची. ऊन आत जात नाही, फुटत नाही, कचरा होत नाही. रंग नीट दिसत नाही हे खरं, पण त्यासाठी काउंटरवर एक छोटा काचेचा नमुना ठेवता येतो. पेला कसलाही असो, तेलकट नको. आपल्याकडे एका हातात रवा लावून तळलेले बोंबील आणि दुसऱ्या हातात पेला, हे होणारच. तेलाचा अंश काठाला लागला की फेस बसतो आणि फेसाबरोबर वासही जातो. स्वच्छ पेल्याची खूण अशी की पाण्याने विसळल्यावर पाण्याचा सलग पापुद्रा उतरतो. थेंब थेंब चिकटून राहिले तर तिथे तेल किंवा साबण आहे. प्रत्येक नव्या बिअरच्या आधी पेला गार पाण्याने विसळून मागा, तो तुमचा हक्क आहे. ओतताना पेला ४५ अंशांत तिरका, निम्म्याच्या वर भरला की सरळ, वर दोन-तीन सेंटिमीटर फेस. नळाचं तोंड बिअरमध्ये बुडवलेलं दिसलं तर तो स्टॉल सोडून पुढे जा.

चवीवरून दोष ओळखायला फार अभ्यास लागत नाही. व्हिनेगरसारखा आंबूसपणा आणि बिअर मुळात आंबट प्रकारातली नाही, तर नळी धुतलेली नाही. नळ्या दोन आठवड्यांतून एकदा कॉस्टिक सोड्याच्या साधारण २ टक्के द्रावणाने, ते निदान १५ मिनिटं फिरवून धुवायच्या, आणि नळ सुटा करून घासायचा. महोत्सवाला भाड्याने आणलेल्या पेट्यांचं शेवटचं धुणं कधी झालं होतं हे कुणीच विचारत नाही, म्हणून तुम्ही विचारा. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास येत असेल तर बिअर घाईने काढलेली असू शकते, नाहीतर तोही नळीचाच दोष. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे हवा लागून शिळी झालेली. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास मात्र असायलाच हवा, त्याला दोष समजून परत करू नका.

आता बिअर कोणती असावी? या हवेत ७ टक्क्यांची कडू आयपीए आणि ८ टक्क्यांची काळी स्टाउट यांचे नळ भरून काय साधतं ते मला समजत नाही. कडूपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात. मालवणी मसाल्यातल्या सुंगटांबरोबर (कोळंबीबरोबर) तीव्र आयपीए घेतली की दोन्हीची चव मारली जाते. किनाऱ्याला साजतात त्या ४ ते ४.५ टक्क्यांच्या हलक्या, कोरड्या किंवा जरा आंबट बिअर. आणि त्यासाठी लागणारा माल आपल्या घरात आहे.

पोहे घ्या. कच्चा तांदूळ बिअरमध्ये थेट घालता येत नाही, कारण त्याचा स्टार्च साधारण ७० अंशांच्या वर फुलतो आणि माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवायचं पाणी ६५ च्या आसपास असतं. तांदूळ आधी वेगळा शिजवावा लागतो. पोहे मात्र भात भिजवून, भाजून, चेपून केलेले असतात, म्हणजे स्टार्च आधीच फुललेला. ते सरळ माल्टमध्ये मिसळता येतात. १०० किलो धान्यात २० किलो जाड पांढरे पोहे पुरेत. त्याहून जास्त झाले की लगदा चिकट होतो आणि रस खाली उतरत नाही. त्यासाठी भाताच्या गिरणीवरचा तूस धुऊन, उकळून ३ ते ५ किलो मिसळायचा. लाल पोहे दिसायला सुंदर, पण कोंड्यातलं तेल फेसाला मारक, म्हणून थोडेच.

कोकमाची बिअर हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसते, आणि तिथेच सगळ्यात जास्त फसवाफसवी चालते. लागरमध्ये, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या नेहमीच्या बिअरमध्ये, गोड कोकम सरबत ओतलं की रंग येतो, बिअर येत नाही. खरा मेळ बसतो तो गोझेशी. ही जर्मनीतल्या गोस्लार आणि लाइपझिगची आंबट, किंचित खारट, धणे घातलेली बिअर. आपल्या आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, आंबटपणा, मीठ आणि रंग तिन्ही आहेत. पण आगळाचं मीठ प्रत्येक घरचं वेगळं, त्यामुळे पाककृतीतलं प्रमाण डोळे मिटून वापरू नये. आधी बिअरमध्ये मीठ अजिबात घालायचं नाही. तयार बिअरचे १०० मिलिलिटरचे चार पेले घ्यायचे, त्यांत १, २, ३ आणि ४ मिलिलिटर आगळ घालायचं आणि गार करूनच चाखायचं. कोमट असताना मीठ वेगळं लागतं. २ मिलिलिटरचा पेला बरोबर वाटला तर २० लिटरच्या केगला ४०० मिलिलिटर. मीठ जिभेवर जाणवेल पण घसा कोरडा पाडणार नाही, इथे थांबायचं.

हापूसच्या बिअरबद्दल मी सावध आहे. रसातली साखर यीस्टला पुन्हा जागं करते. रस घालून पुरेसं आंबू न देता केग भरला आणि तो उन्हात राहिला, तर दाब चढत जातो आणि नळ उघडल्यावर निम्मा केग फेसात जातो. गराचे धागे केगच्या झडपेत अडकतात ते वेगळंच. रस मुख्य आंबवण संपत आल्यावर घालायचा, साखर पूर्ण संपू द्यायची, मग बिअर शून्याजवळ नेऊन गाळ बसवायचा. एवढं केल्यावर गोडवा उरत नाही, वास उरतो. तो वास आवडणाऱ्यानेच ती घ्यावी.

चाखायला गेलात तर क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा: लागर, पोह्याची, गव्हाची, गोझे, मग कडू, शेवटी काळी. मध्ये पाणी. जत्रेसारख्या गर्दीत मोठा पेला घेऊ नका, १०० मिलिलिटरचेच घ्या. ३३० मिलिलिटर संपेपर्यंत उरलेली कोमट होते. स्टाउटला १०-१३ अंश चालतात, लागरला ४-६ च हवेत.

आणि हिशेब ठेवा. ५ टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे ४ ग्रॅम अल्कोहोल असतं. असे आठ पेले म्हणजे ३२ ग्रॅम, आणि शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं. म्हणजे शेवटच्या पेल्यानंतरही काही तास ते रक्तात राहतं. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि महामार्ग ६६ वर रात्री वळणं, गुरं आणि ट्रक तिन्ही असतात. कोकण रेल्वेचं वेळापत्रक आधी बघा, स्टेशनपर्यंतची रिक्षा जातानाच ठरवून ठेवा. महाराष्ट्रात बिअरला वयाची अट २१ आहे आणि परवाना लागतो, ओळखपत्र बरोबर असू द्या. हा हिशेब करायचा तर प्रत्येक नळावर अल्कोहोलचं प्रमाण लिहिलेलं हवं. त्याखाली केग भरल्याची तारीख आणि आत्ताचं बिअरचं तापमान. या तीन ओळी ज्या महोत्सवात प्रत्येक नळावर दिसतील, तिथे बारा नळ असले तरी जा.