ब्रुक बॉण्डमधले 'बॉण्ड साहेब' कधी नव्हतेच

'ब्रुक आणि बॉण्ड या दोन इंग्रज मित्रांनी मिळून चहाची कंपनी काढली, पुढे बॉण्ड भांडून वेगळा झाला', असा एक संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. भांडणही खोटं आणि बॉण्डही.

कंपनी एकाच माणसाने काढली, आर्थर ब्रुक यांनी. जन्म १८४५ चा, मँचेस्टरजवळच्या ॲश्टन-अंडर-लाइन गावातला. वडील चार्ल्स चहाचे घाऊक व्यापारी, त्यामुळे हा धंदा घरातच पाहिलेला. १८६९ मध्ये त्यांनी मँचेस्टरच्या मार्केट स्ट्रीटवर स्वतःचं दुकान थाटलं आणि पाटीवर आपल्या आडनावापुढे 'बॉण्ड' जोडलं. इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ वचन, बांधिलकी. चांगल्याच चहाचं गिऱ्हाइकाला दिलेलं वचन, असा कंपनीचा खुलासा आहे. मला तर हा खरा तपशील त्या रचलेल्या भांडणापेक्षा कितीतरी सुंदर वाटतो.

आर्थर यांच्यानंतर मुलगा जेराल्डने कारभार पाहिला. आपल्याकडे घरोघरी पोचलेला 'रेड लेबल' १९०३ पासूनचा. १९८४ मध्ये कंपनी युनिलिव्हरने घेतली.

संदेश आला असेल, तर कृपया पुढे पाठवू नका.