कुंडीखाली मेणबत्त्या लावून घर तापत नसतं

मागच्या रविवारी भाच्याने व्हिडिओ कॉल केला, तेव्हा त्याच्या टेबलावर मातीची कुंडी पालथी घातलेली दिसली. खालून उजेड येत होता. मी म्हटलं, "हे काय रे, दिवाळी होऊन महिना झाला." तर म्हणाला, "मावशी, हा हीटर आहे. आईने पाठवलं होतं ना, ते बघून केलाय."

आई म्हणजे माझी ताई, ती असते कराडला. भाचा इंग्लंडात लेस्टरला एम.एससी. करतोय, पाच पोरं मिळून एका जुन्या टेरेस्ड, म्हणजे रांगेतल्या शेजारच्या घरांना चिकटून असलेल्या घरात भाड्याने राहतात, बिलाचे पाच वाटे होतात. मी रेडिंगला. म्हणजे हा मेसेज इथल्याच कुठल्यातरी मराठी ग्रुपवर जन्माला आला, कराडला जाऊन आला आणि 'आईने पाठवलंय' असा शिक्का घेऊन लेस्टरला पोचला. पोरगा तीन वेळा विचारल्याशिवाय शर्ट घेत नाही, पण आईचा फॉरवर्ड आला की डोळे मिटून आगीशी खेळतो.

मेसेजचं नाव 'यूकेतलं हीटिंगचं बिल निम्मं करा : कंपन्या लपवतात ती ७ सूत्रं'. सूत्रं थोडक्यात अशी: पालथ्या कुंडीखाली चार मेणबत्त्या लावल्या की खोली तापते, हीटिंग चोवीस तास मंद चालू ठेवलं की बिल कमी येतं, सरकारने वर्षाच्या बिलाला १,७५५ पाउंडांची मर्यादा घातलीय, तेव्हा काळजी नको, प्लगमध्ये खोचायचा छोटा हीटर गॅसपेक्षा स्वस्त, खिडकीवरच्या हवेच्या फटी टेपने बुजवा, बॉयलरचं (गॅसवर पाणी तापवून घरभर रेडिएटरांत फिरवणाऱ्या यंत्राचं) तापमान उतरवा, आणि घर तापवण्यापेक्षा माणूस तापवा.

शेवटची दोन बरी आहेत, त्यांच्याकडे येते. आधी कुंडी.

टी-लाइट मेणबत्तीत साधारण १४ ग्रॅम मेण असतं आणि ती चारेक तास जळते. एका ग्रॅम मेणातून सुमारे ४३ किलोज्यूल उष्णता मिळते. भागाकार केला की एका मेणबत्तीची ताकद भरते जेमतेम ४० वॉट. चार मिळून १६०. नुसता बसून राहिलेला माणूससुद्धा १०० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे शेजारच्या खोलीतले दोन मित्र अभ्यासाला बोलावले, तर ते चार मेणबत्त्यांपेक्षा खोली जास्त तापवतील आणि पडदाही पेटवणार नाहीत. (चहा मात्र मागतील.)

"पण मावशी, कुंडीला हात लावला तर चटका बसतो!" बसणारच. एरवी जी उष्णता सरळ छताकडे गेली असती ती कुंडीने धरून ठेवली, एवढंच. तवा तापला म्हणून चुलीतलं लाकूड वाढत नाही.

आता पैशांचं. स्वस्तातलं पन्नास मेणबत्त्यांचं पाकीट ३ पाउंडांना धरू, म्हणजे एक मेणबत्ती ६ पेन्सला. एक युनिट, म्हणजे एक किलोवॉट-तास उष्णता हवी असेल तर अशा सहा जाळाव्या लागतात. झाले ३६ पेन्स. ऑफजेमने, म्हणजे इथल्या वीज-गॅस नियामकाने, ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ साठी ठरवलेला सरासरी कमाल दर होता गॅसला युनिटमागे ६.२९ पेन्स आणि विजेला २६.३५. बॉयलरमध्ये थोडं वाया जातं असं धरलं तरी गॅसची उष्णता ७ पेन्सच्या घरात पडत होती. म्हणजे आमचे चिरंजीव गॅस वाचवण्यासाठी त्याच्या पाचपट महाग इंधन जाळत होते. विजेपेक्षासुद्धा महाग! हा आकडा ताईला सांगितला तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली.

आगीचं तर वेगळंच. चार मेणबत्त्या चिकटून ठेवल्या आणि वर झाकण घातलं की मेण नुसतं वितळून थांबत नाही. ते इतकं तापतं की त्याची वाफ व्हायला लागते, आणि मग वातीपुरती असलेली ज्योत सगळ्या मेणावर पसरते. घाबरून त्यावर पाणी टाकलं, तर पेटलेल्या तेलाच्या कढईत पाणी ओतल्यासारखं होतं. इथल्या अग्निशमन दलांनी या कुंडी-हीटरबद्दल पुन्हा पुन्हा बजावलं आहे. आणि हे सगळं चाललं होतं कुठे? नोट्सच्या गठ्ठ्याशेजारी, नायलॉनच्या ब्लँकेटपासून हातभर अंतरावर. जिन्यातल्या स्मोक अलार्मची बॅटरी कुणीतरी पोळी करपली तेव्हा काढून ठेवली होती, ती अजून ड्रॉवरमध्येच होती. हे मला सोमवारी कळलं. रविवारी कळलं असतं तर गाडी काढून गेले असते.

चोवीस तास हीटिंगचं सूत्र एनर्जी सेव्हिंग ट्रस्ट ही संस्था कित्येक वर्षं 'गैरसमज' म्हणून खोडून काढते आहे, तरी ते दर हिवाळ्यात उगवतं. आत आणि बाहेर तापमानात जितका फरक, तितकी उष्णता भिंतींतून, छपरातून जास्त गळते. पाचही पोरं लायब्ररीत असताना तापत राहिलेलं घर फक्त लेस्टरचं आभाळ तापवतं. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचणारं विजेचं यंत्र) असेल तर गोष्ट निराळी, तो सावकाश आणि सलगच चालवायचा असतो. पण यांच्या घरात हीट पंप नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याला तो शब्द ठाऊक असल्याचं दिसत नाही.

१,७५५ पाउंडांचं म्हणाल तर ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ पुरता आकडा खरा, अर्थ सपशेल खोटा. मर्यादा दरावर आहे, बिलावर नाही. वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या घराचं बिल तेव्हाच्या दराने किती येईल, ते १,७५५. जास्त वापराल तर जास्त भराल. शिवाय काहीही न वापरता रोजचा स्टँडिंग चार्ज लागतो तो वेगळाच, तेव्हा वीज-गॅस मिळून ८५ ते ९० पेन्स होता. २०२२ मध्ये सरकारने हाच आकडा २,५०० वर धरून ठेवला होता, तेव्हा खुद्द पंतप्रधान लिझ ट्रस यांनी रेडिओवर सांगून टाकलं होतं की कुणालाही २,५०० पेक्षा जास्त बिल येणार नाही. तेही चूकच. तेव्हा ग्रुपवाल्यांना मी किती बोलणार! पण या एका वाक्यावर विसंबून कुणी महिनाभर थर्मोस्टॅट २४ वर ठेवला, तर भरणार कोण?

प्लगवाला हीटर. 'शंभर टक्के कार्यक्षम' हे खरं, कुठलाही विजेचा हीटर तसाच असतो. पण युनिटचा दर गॅसच्या चौपट आहे, त्याचं काय? एकटाच माणूस तासभर एकाच खोलीत बसणार असेल, तर सगळं घर तापवण्यापेक्षा ५०० वॉटचा हीटर परवडतो, वरच्या दराने १३ पेन्स तास. पाच खोल्यांत पाच हीटर लागले की संपलं.

बॉयलरचं सूत्र खरं आहे, मनाविरुद्ध कबूल करते. इथले बहुतेक नवे बॉयलर कंडेन्सिंग आहेत, आणि रेडिएटरकडे जाणारं पाणी ७५-८० अंशांऐवजी ६० च्या आसपास ठेवलं तर ते धुरातल्या वाफेची उष्णताही परत मिळवतात. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी केलंय. पण हे कॉम्बी, म्हणजे टाकी न ठेवता लागेल तसं पाणी तापवणाऱ्या बॉयलरसाठी. घरात गरम पाण्याची टाकी असेल, तर टाकीतलं पाणी ६० च्या खाली साठवू नये, लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

माणूस तापवा, तेही खरंच. १०० वॉटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट तासाला अडीच पेन्सच्या आसपास खातं. भाच्याला तेच घेऊन पाठवलंय. गरम पाण्याची पिशवी त्याच्याकडे होती, आधीच्या कुणा भाडेकरूची. तिच्या गळ्यापाशी एक फुलासारखी खूण असते, मधला आकडा वर्षाचा. त्यात १७ होता. म्हणजे २०१७ चं रबर, त्यात उकळतं पाणी, आणि ती पोटाशी घेऊन झोपायचं. टाकून दे म्हटलं. पण अंग गरम आणि खोली १२ अंशांवर, असंही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड देशांतल्या घरांसाठी निदान १८ अंश सुचवले आहेत. म्हातारी माणसं, तान्ही मुलं असतील तर त्याहून जास्त.

आता राहिलेलं सूत्र, फटी बुजवण्याचं. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. दाराखालची फट, पत्रपेटीचं भोक, न वापरलेलं धुराडं, हे खुशाल बंद करा. खिडकीच्या चौकटीत वर जी झडप असते ती मात्र चूक म्हणून राहिलेली फट नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली असते. पाच माणसांचा श्वास, स्वयंपाक, अंघोळी, आणि वर रेडिएटरवर वाळत घातलेलं धुणं. एका धुण्यातून अंदाजे दोन लिटर पाणी हवेत जातं. ते बाहेर गेलं नाही तर गार भिंतीवर जाऊन बसतं आणि तिथे बुरशी धरते. खोलीत जुनी गॅस फायर (गॅसची शेगडी) असेल तर तिच्यासाठीची हवेची जाळी बुजवणं त्याहून वाईट. हवा कमी पडली की तिच्यातून विषारी कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला वासही नसतो.

बुरशी म्हणजे भिंत जरा काळी दिसते एवढंच, असं ज्याला वाटतं त्याने अवाब इशाकचं प्रकरण वाचावं. रॉचडेलमधला दोन वर्षांचा मुलगा, डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे श्वसनाचा गंभीर आजार होऊन तो गेला, असा निष्कर्ष कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. घरात हवा खेळती राहण्याची धड सोय नव्हती. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं, वरून रंग मारा. घरमालकाला ओल-बुरशी मुदतीत दूर करायला लावणारा त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, पण सध्या फक्त सोशल हाउसिंगला, म्हणजे नगरपालिका किंवा संस्थांनी कमी भाड्याने दिलेल्या घरांना. भाच्यासारख्या खासगी भाडेकरूंना अजून नाही.

भाच्याला म्हटलं, कॅमेरा फिरव. खिडकीवर टेप होती, तीन आठवड्यांची. कपाट पुढे ओढायला लावलं, तर मागची भिंत खालून गुडघ्यापर्यंत काळी. टेप काढली, अलार्मची बॅटरी बसवली, फोटो काढून शुक्रवारी घरमालकाला मेल लिहायला लावली. सोमवारी उत्तर आलं. या आठवड्यात पांढऱ्या रंगाचा डबा पाठवतो म्हणे.