पासपोर्ट साहेबाच्या कपाटात होता तेव्हा

आमच्या लालबागच्या शाळेच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ आला, भर पावसात फुटपाथवरच्या झोपड्या तोडतायत, एक बाई कडेवर पोर आणि हातात दप्तर घेऊन नुसती उभी आहे, आणि खाली लगेच सुरू, बरं झालं, आता येतील मानवाधिकारवाले रडायला. एकाने मला टॅग करून लिहिलं, तुमच्या कतारमध्ये बघ कसं स्वच्छ, आहे का एक तरी झोपडी?

नाहीये. कारण मजूर शहराबाहेर इंडस्ट्रियल एरियात ठेवलेत, एकेका खोलीत बंक बेड लावून.

मी कतारच्या राजधानीत, दोहाला २०१४ ला आलो. पहिल्या कंपनीने आल्या आल्या पासपोर्ट काढून घेतला, कायद्याने मनाई होती तरी. २०१६ ला बाबांना अटॅक आला, तिकीट काढलेलं, पण तेव्हा देश सोडायला मालकाचं एक्झिट परमिट लागायचं आणि सही करणारा साहेब सुट्टीवर. तीन दिवस एचआरच्या काचेबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काढले, शेजारी एक नेपाळी गवंडी, त्याचा तीन महिन्यांचा पगार अडकलेला, तो माझ्यासाठी रोज चहा आणायचा. घरी पोचलो तेव्हा बाबांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. मी इंजिनिअर, खात्यात पैसे, आणि बापाला भेटायला परवानगी नाही.

आता बदललंय, हेही सांगायला पाहिजे. २०१८ मध्ये बहुतेकांचं एक्झिट परमिट गेलं, २०२० पासून मालकाच्या एनओसीशिवाय नोकरी बदलता येते, पगार अजूनही थकतात पण किमान वेतन तरी ठरलं. हे कतारमधल्या २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधी पत्रकार, आयएलओ (संयुक्त राष्ट्रांची कामगारविषयक संस्था), कामगार संघटना वर्षानुवर्षं मागे लागल्या म्हणून झालं. म्हणजे ग्रुपवर ज्यांना शिव्या पडतात ना, तेच लोक.

आणि आपल्या मुंबईत काय झालंय ते तरी आठवा. जुलै १९८१, अंतुले मुख्यमंत्री, ऐन पावसात फुटपाथवरच्यांना हटवायला घेतलं. ऑल्गा टेलिस नावाच्या पत्रकार आणि खुद्द फुटपाथवर राहणारी माणसं सुप्रीम कोर्टात गेली. १९८५ ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. निकाल पूर्ण त्यांच्या बाजूने लागला नाही हं, फुटपाथ अडवायचा हक्क कोर्टाने दिला नाही, हटवायला परवानगी दिली, पण साधारणपणे आधी नोटीस द्या, म्हणणं ऐका, आणि त्या वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, हात लावू नका असं बजावलं. फुटपाथवर झोपणारा माणूस सरकारला कोर्टात खेचतो हे मी इथल्या सहकाऱ्यांना सांगतो तेव्हा त्यांना खरंच वाटत नाही. मला त्या गोष्टीचा प्रचंड अभिमान आहे आणि आमच्याच ग्रुपला तिची लाज वाटते, याचं फार वाईट वाटतं, अरे आपण सगळे दहा बाय बाराच्या खोलीत वाढलोय!

व्हिडिओखाली मी एवढंच विचारलं, या लोकांना नोटीस मिळाली होती का, आणि पाऊस थांबेपर्यंत का नाही थांबले? दोन दिवस झाले, कुणी उत्तर दिलेलं नाही. ती बाई आता कुठे आहे हे तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा.